जालना भागांतील माळवदाचीं घरें आणि उन्हाळ्याचा बंदोबस्त

(१) जुन्या घरांतून कागद काढून आणणें हा आपणां संग्राहकांचा नित्याचा उद्योग आहे. माजघराच्या कोनाड्यांतून पोथ्या निघतात, बळदाच्या तोंडाशीं ठेवलेल्या पेटींतून दप्तराचे रुमाल निघतात, ढाळजेंतील फडताळांतून जमाखर्चाच्या वह्या निघतात. त्या आपण झटकून, मोजून, याद करून घेऊन येतों. ज्या घरानें तो कागद दीडशें-दोनशें वर्षें राखला त्या घराकडे मात्र सहसा कोणी पाहत नाहीं. कागद कोणाचा, शक कोणता, शिक्का कोणाचा, हे प्रश्न आपण विचारतों. पण हा कागद येथें टिकला कसा, हा प्रश्न विचारला जात नाहीं. तो विचारल्यास घराच्या बांधणीचा विचार करणें भाग पडतें. तो विचार जालना जिल्ह्याच्या अनुरोधानें करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२) जालना जिल्हा म्हणून जो आज ओळखला जातो तो १ मे १९८१ रोजीं औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांचे भाग काढून बनविला. प्रदेश मात्र जुनाच. उत्तरेस भोकरदन व जाफराबाद, मध्यें कुंडलिकेच्या कांठचें जालना, दक्षिणेस अंबड व घनसावंगी. समर्थ रामदासांचें जन्मस्थान जांब तें याच भागांत, आणि २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई झाली तीही याच भागांत. प्रदेश पठारी, खालीं काळा खडक, वर काळी माती. पाऊस सरासरीनें ७०० मिलिमीटरांच्या, म्हणजे २७-२८ इंचांच्या आसपास, आणि तोही बहुतेक चार महिन्यांतच. वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या पुढें जातो. परंतु हवा कोरडी असल्यामुळें रात्रीं तो बराच उतरतो. दिवस व रात्र यांच्या उष्णतेंतील हें अंतर फार महत्त्वाचें आहे. येथील घराची सगळी युक्ति या एका गोष्टीवर उभारलेली आहे.

(३) कोंकणांत शंभर इंचांच्या वर पाऊस. तेथें छप्पर उतरतें असावेंच लागतें, आणि हवा दमट असल्यामुळें वारा सतत खेळता ठेवावा लागतो. म्हणून तेथें पडवी, उंच कौलारू छप्पर व हलक्या भिंती. देशावर, विशेषतः मराठवाड्यांत, पाऊस थोडा; म्हणून सपाट मातीचें छप्पर चालतें. त्यालाच कोणी धाबें म्हणतात, कोणी माळवद. पर्जन्याचा नकाशा व माळवदाचा नकाशा जवळ जवळ ठेवले तर दोहोंच्या सीमा पुष्कळ अंशीं जुळतील. तेव्हां घराच्या आकारांत जात, पंथ किंवा राजवट शोधण्यापूर्वीं आभाळाकडे पाहावें, हें बरें.

(४) आतां सूर्याचें गणित पाहूं. जालन्याचा अक्षांश सुमारें १९ अंश ५० कला उत्तर. यावरून डिसेंबरच्या २१-२२ तारखेस मध्यान्हीं सूर्य क्षितिजापासून सुमारें ४७ अंशांवर असतो. विषुवदिनीं सुमारें ७० अंशांवर. मेच्या १९-२० तारखेस व जुलैच्या २३-२४ तारखेस तो बरोबर डोक्यावर येतो. आणि २१ जूनच्या सुमारास खमध्याच्या उत्तरेस साडेतीन अंश सरकतो. यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी कीं, ऐन उन्हाळ्यांत मध्यान्हीचें ऊन दक्षिणेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीवर जवळ जवळ पडतच नाहीं. तें सर्व छपरावर पडतें. दुसरी अशी कीं, सकाळीं पूर्वेची व तिसऱ्या प्रहरानंतर पश्चिमेची भिंत तिरप्या उन्हानें तापते, व तेथें छताची सावली उपयोगी पडत नाहीं. म्हणजे उन्हाळ्याचा पहिला शत्रु छपरावरून येतो व दुसरा पश्चिमेकडून.

(५) दक्षिणेस तोंड असलेल्या ओसरीचें उदाहरण घेऊं. ओसरी पांच हात खोल, आणि तिच्या छताची कड जमिनीपासून पांच हात उंच आहे असें धरावें. डिसेंबरांत मध्यान्हीं ऊन त्या कडेखालून आंत शिरून पावणेपांच हातांपर्यंत, म्हणजे जवळ जवळ मागील भिंतीपर्यंत, पोंचतें. विषुवदिनीं तें पावणेदोन हातांवर थांबतें. वैशाख-ज्येष्ठांत तें उंबऱ्याच्या बाहेरच राहतें. थंडींत म्हाताऱ्यांनीं ओसरीच्या मागील भिंतीस टेकून ऊन खात बसावें व उन्हाळ्यांत त्याच जागीं सावलींत पोथी वाचावी, ही व्यवस्था कोणा गवंड्यानें अंश-कला मांडून केली असेल असें नाहीं. पण पिढ्यान् पिढ्या सावली पाहून ओसरीची खोली व उंची ठरत आली, आणि ती गणितास उतरते, हें मान्य करावें लागतें.

(६) आतां माळवद. हेंच या घराचें मुख्य अंग, म्हणून त्याविषयीं थोडें विस्तारानें लिहितों. लांकडी खांबांवर तुळया, तुळयांवर जवळ जवळ कड्या, कड्यांवर लांकडाच्या आडव्या फोडी किंवा फळ्या, त्यावर पाला, आणि त्यावर मातीचा थर. हा थर फूटभरापासून दोन फुटांपर्यंत जाड असतो. सर्वांत वर पांढऱ्या मातीचा लेप चोपून बसवितात. पृष्ठभागास अगदीं थोडा उतार देऊन पाणी पन्हाळांतून बाहेर काढतात. दरवर्षीं मृगाच्या आधीं भेगा बुजवून नवी माती टाकावयाची, हा घरधन्याचा ठरलेला कारभार. पांढरी माती बारीक व चिकट असते. पहिल्या सरीबरोबर ती फुगून मिटते व पुढचें पाणी खालीं उतरूं देत नाहीं. शिवाय ती खारट असल्यामुळें तिच्यावर गवत कमी उगवतें, आणि रंगानें फिकी असल्यामुळें ऊन बरेंच परतवते.

(७) जाड मातीचा गुण हा कीं ती उष्णता अडवीत नाहीं, तर तिला उशीर लावते. कोरड्या मातीच्या फूटभर थरांतून दिवसाच्या उष्णतेची लाट पार व्हावयास सुमारें नऊ-दहा तास लागतात, आणि पलीकडे पोंचतांना तिचा जोर दहाव्या हिश्शाच्याही खालीं आलेला असतो. म्हणजे दुपारीं दोन वाजतां माळवदाच्या पाठीवर जो ताव बसतो त्याचा क्षीण अंश माजघराच्या छतास मध्यरात्रीच्या सुमारास जाणवतो. त्या वेळीं घरांतील माणसें तेथें नसतातच. तीं त्याच माळवदावर आभाळाखालीं अंथरुणें टाकून निजलेलीं असतात. पहांटेपर्यंत माळवदाची पाठ थंड पडते, आणि दुसऱ्या दिवशीं हा थंडपणा हप्त्याहप्त्यानें खालीं पोंचतो. दिवसा आंत व रात्रीं वर, अशी ही राहणी. घराची बांधणी व घरांतील माणसांची रीत या दोन्ही मिळून एक यंत्र होतें. त्यांतील एक काढलें तर दुसरें निकामी ठरतें.

(८) भिंतींचेंही तसेंच. दगडमातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंती दोन-अडीच फूट व गढ्यांतून त्याहूनही जाड असतात. परंतु येथें एक सावधगिरी ठेवली पाहिजे. भिंत जाड आहे, खिडकी लहान व उंच आहे, बाहेरच्या अंगास झरोक्यापेक्षां मोठें भोंक नाहीं, हें सर्व केवळ उन्हासाठींच केलें असें म्हणतां येणार नाहीं. ज्या प्रदेशानें इ. स. १८१८ पर्यंत पेंढाऱ्यांची धास्ती सोसली तेथें भिंत जाड असणें संरक्षणासाठींही अवश्य होतें. असईच्या गांवास मातीचाच कोट होता, आणि त्याच्या आधारानें मराठ्यांच्या तोफांनीं इंग्रजांच्या उजव्या बगलेची किती हानि केली हें त्या लढाईच्या वृत्तांतांत प्रसिद्धच आहे. एका भिंतीस दोन कारणें असूं शकतात. संशोधकानें आपल्या आवडीचें एकच कारण धरून बसूं नये.

(९) घरांत शिरतांना प्रथम ढाळज लागते. दोहों बाजूंस ओटे व वर छत. येणाऱ्या-जाणाऱ्याची बैठक तेथेंच. ढाळजेंतून सहसा सरळ आंत दिसत नाहीं, वळून चौकांत यावें लागतें. त्यामुळें आडपडदा राहतो आणि रस्त्याची झळ व धूळही तेथेंच अडते. चौक वरून मोकळा, चारी बाजूंस ओसऱ्या. त्याच्या तळाशीं सूर्य ऐन मध्यान्हीं थोडाच वेळ उतरतो. एरवीं एका ना एका बाजूची सावली त्यांत असतेच. रात्रीं माळवदें आकाशाकडे उष्णता सोडून गार होतात, त्यांना लागलेली हवा जड होऊन चौकांत उतरते व ओसऱ्यांतून माजघरांत शिरते. पहांटे चौकांत सडा घातल्यानें तिला आणखी गारवा येतो. दिवस वर चढला कीं दारें-खिडक्या लावून घ्यावयाच्या, व दिवेलागणीनंतर उघडावयाच्या, ही जुन्या बायकांची शिस्त याच कारणानें होती. दुपारीं वारा यावा म्हणून सर्व दारें उघडीं टाकणें या हवेंत चुकीचें. कारण तो वारा नसून झळ असते.

(१०) माजघर व स्वयंपाकघर यांच्या छतांत सवणें ठेवलेलें असतें. सवणें म्हणजे माळवदास पाडलेलें हातभर भोंक. त्यांतून उजेड येतो, चुलीचा धूर जातो, आणि छताशीं जमलेली तापलेली हवा वर निघून जाऊन खालच्या दारांतून गार हवा ओढली जाते. पाऊस आला कीं त्यावर घमेलें किंवा मडकें पालथें घालावें, झालें. इतक्या थोड्या खर्चांत उजेड, धूर व वारा हीं तीन कामें उरकणारी दुसरी योजना आम्हांस ठाऊक नाहीं. बळद हें धान्याचें अंधारें कोठार. तें वरून माळवदाच्या तोंडांतून भरीत. धान्यानें भरलेलें बळद म्हणजे जणू आणखी एक जाड भिंतच; त्याच्या लगतची खोली सर्वांत गार असते, आणि पेट्या व पोथ्या बहुधा तेथेंच ठेवलेल्या आढळतात. बाहेर पश्चिमेच्या अंगास कडुनिंब असल्यास उत्तमच. त्याची पानगळ उन्हाळ्याच्या तोंडीं होऊन चैत्रापर्यंत तो पुन्हां दाट होतो, व दुसरा शत्रु जो पश्चिमेचा सूर्य त्यास झाड आडवें येतें.

(११) हें सामान्य रयतेच्या व वतनदारांच्या घरांविषयीं झालें. राजकीय व सार्वजनिक इमारतींतून पाण्याचा उपयोग विशेष दिसतो. जालन्याची काळी मशीद, हमामखाना व सराई हीं जमशेदखानानें बांधलीं. शहराच्या पश्चिमेचा मोती तलावही त्याचाच. त्या तलावाचें पाणी भूमिगत नळांनीं शहरांतील हौदांस नेलें होतें, आणि त्यांतील सर्वांत मोठा हौद सराईच्या चौकांत होता, असें निजामशाही काळच्या गॅझेटियरांत नमूद आहे. हा हौद नेमका सराईच्याच चौकांत असावा यांत गुरांमाणसांच्या तहानेची सोय तर होतीच. पण दगडी भिंतींनीं वेढलेल्या चौकांत मोठा जलाशय असला कीं कोरडी हवा त्याचें पाणी शोषून स्वतः थंड होते, हा लाभही तीत होता. दमट कोंकणांत असा हौद बांधल्यास तितका गुण येणार नाहीं. जालन्याच्या कोरड्या हवेंत तो येतो.

(१२) कुंडलिकेच्या पूर्वेकडील किल्ला व त्यांतील बालेकिल्ला, ज्यास मस्तगड म्हणतात, तो इ. स. १७२५ त निजामुल्मुल्क आसफजाहाच्या आज्ञेवरून काबिलखानानें बांधला. तसा फारसी शिलालेख तेथें आहे. या बालेकिल्ल्यांत एक चमत्कारिक विहीर असून तिच्या पोटांत सज्जे व दालनें यांची रांग आहे, असें गॅझेटियरकार सांगतात. विहिरीच्या पोटांतील दालन म्हणजे उन्हाळ्याची बैठकच. तेथें माथ्यावर जमिनीचा जाड थर, समोर पाणी, आणि ऊन शिरावयास फक्त वरचें तोंड. अंबडच्या बारवा व या प्रदेशांत जागोजाग आढळणाऱ्या जुन्या पायविहिरी यांचाही विचार याच दृष्टीनें व्हावयास पाहिजे. आपण त्यांचे शिलालेख उतरून घेतों, पण त्यांच्या पायऱ्यांवर दुपारीं कोण बसत असे हें विचारीत नाहीं.

(१३) वाळ्याच्या ताट्यांचीही गोष्ट सांगण्याजोगी आहे. वाळ्याचीं मुळें विणून त्यांचे पडदे दारास लावावेत व त्यांवर पाणी मारावें, म्हणजे भर उन्हाळ्यांत हिवाळा अवतरतो, असें अबुल फजलानें आईन-इ-अकबरींत आपल्या बादशहाचें कौतुक करतांना लिहिलें आहे. हा अबुल फजल दक्षिणेच्या मोहिमेंत असतां कांहीं काळ जालन्यास राहिला होता असें गॅझेटियर सांगतें. ताटीची युक्ति त्यानें येथें आणली असें सुचविण्याचा हेतु नाहीं. दोन्ही गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवण्याजोग्या आहेत, इतकेंच.

(१४) हें माळवद किती जुनें? येथें थोडा विचार करावयास हवा, कारण जें आपल्या आजोबांनीं पाहिलें तें अनादि, असें समजण्याची खोड आपणांस आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहूत येथील दानलेखांतून या गांवच्या दात्यांचीं नांवें आढळतात. तेथें नागपूर व मराठवाडा या विद्यापीठांनीं इ. स. १९७३ त उत्खनन केलें, व तेथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा अवशेष पाँपेई येथें १९३८ त सांपडलेल्या मूर्तीशीं साम्य दाखवितो, हें वाचकांस ठाऊक असेलच. सातवाहनकालीन वस्त्यांच्या उत्खननांतून, जसें नेवासें व तेर येथें, छपराचीं मातीचीं कौलें निघालीं आहेत. म्हणजे त्या काळीं येथील पुष्कळ घरांचीं छपरें उतरतीं असलीं पाहिजेत. सपाट माळवद सर्वत्र केव्हां रूढ झालें व कां झालें, हा प्रश्न यामुळें उभा राहतो. लांकडाची टंचाई, संरक्षण, रात्रीं निजण्याची व धान्य वाळविण्याची सोय, यांपैकीं कोणतें कारण प्रबळ, याचा निर्णय नुसत्या तर्कानें होणार नाहीं; तो कागद व कुदळ या दोहोंनींच होईल. ओसरीची कल्पना मात्र निश्चित जुनी. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वास्तुविद्येच्या अध्यायांत अलिंदाच्या, म्हणजे ओसरीच्या, मांडणीवरूनच सर्वतोभद्र, नंद्यावर्त, वर्धमान इत्यादि घरांचे प्रकार केले आहेत. आणि कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासांत गृहोपभोग हें स्वतंत्र प्रकरणच आहे.

(१५) या ठिकाणीं एक विसंगति नमूद केल्यावांचून राहवत नाहीं. माळवदाची पांढरी माती येते कोठून? काळी म्हणजे शेतजमीन व पांढरी म्हणजे गांवठाण, हा भेद आपल्या जुन्या कागदांत पदोपदीं येतो. गांवाची पांढरी म्हणजे शेंकडों वर्षें माणसें एकाच जागीं राहिल्यानें राख, चुना, शेण, पडलेल्या भिंती यांचा साचलेला थर. तीच माती माळवदास उत्तम. म्हणून ओसाड गांवांच्या टेंकाडांतून व पडक्या गढ्यांतून ती खणून आणीत. म्हणजे आपल्या पूर्वजांनीं आपलें छप्पर जुन्या वस्तीच्या मातीनें शाकारलें, आणि तसें करतांना नाणीं, मणी, खापरें हा प्राचीन पुरावा टोपलीटोपलीनें उकरला. माळवदाच्या मातींत जुनें नाणें किंवा खापर सांपडलें तर तें त्या घराच्या काळाचें समजूं नये, ही सूचना नाणकसंग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

(१६) कागदपत्रांतून या विषयास पुरावा किती मिळतो? समजूत आहे त्याहून पुष्कळ. घराचें माप जुन्या लेखांत हात व खण यांनीं दिलेलें असतें. खण म्हणजे दोन खांबांमधील गाळा. अमुक खणांचें घर म्हटलें कीं खांबांची संख्या, तुळयांची लांबी व खोलीची रुंदी यांचा अंदाज बांधतां येतो. खरेदीखतांत व वांटणीपत्रांत चतुःसीमा असते. दार कोणत्या दिशेस, गल्ली कोठें, हें तीवरून कळतें. पन्हाळ व पागोळी यांवरून शेजाऱ्याशीं भांडण झाल्यास निवाडापत्रांत छपराचा उतार व कडेची जागा आपोआप लिहिली जाते. बांधकामाच्या जमाखर्चांत लांकूड, चुना, विटा, मजुरी यांच्या रकमा असतात. पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला व १७३२ त वास्तुशांति झाली, आणि बांधकामास १६,११० रुपये लागले, हें आपण सांगूं शकतों तें अशा नोंदी टिकल्या म्हणूनच. तो वाडा मात्र १८२८ च्या आगींत गेला. तेथें हिशेब उरला व घर जळालें; आपल्याकडील खेड्यांत घर अजून उभें आहे, पण त्याचा हिशेब कोणी शोधला नाहीं.

(१७) येथवर गुण सांगितले. आतां दोष सांगितलेच पाहिजेत, नाहीं तर लेख एकांगी होईल. माळवदाची देखभाल एक वर्ष चुकली कीं तें गळूं लागतें. लांकडास वाळवी लागते. सवण्याखालीं पावसाचें पाणी येतें. पण खरा दोष याहून भयंकर आहे. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीवर फूटभर माती घातली तर तिचें वजन चार ते साडेचार टन होतें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपांत लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारों माणसें झोपेंतच गाडलीं गेलीं, तीं अशाच घरांत. तेथील भिंती गोल दगड चिखलांत रचून केलेल्या होत्या. आंतली व बाहेरची फळी वेगळी, मध्यें दगडगोट्यांची भर, आणि दोन्ही फळ्यांस बांधणारा आरपार दगड क्वचित्. हादऱ्यासरशीं त्या फुटल्या व छप्पर खालीं आलें. जेथें माळवदाचा भार भिंतींवर नसून चांगल्या जोडलेल्या लांकडी खांबांवर होता, तेथें भिंती बाहेर ढांसळल्या तरी पुष्कळ ठिकाणीं सांगाडा उभा राहिला. म्हणजे जुन्या पद्धतींतही नेटकें बांधकाम व ढिसाळ बांधकाम असा भेद होता, आणि त्या भेदाचें मोल माणसांच्या प्राणांनीं मोजावें लागलें. ‘जुनें तें सोनें’ म्हणणाऱ्यानें किल्लारी विसरूं नये.

(१८) किल्लारीनंतर लोकांच्या मनांत माळवदाची धास्ती बसली, व ती योग्यच होती. लांकूड महाग झालें, माळवद घालणारा कारागीर दुर्मिळ झाला, आणि त्याच्या जागीं लोखंडी पत्रा व सिमेंटची गच्ची आली. परंतु एका भयापासून सुटतांना दुसरें दुःख पदरीं आलें. पत्र्यास उष्णता अडविण्याइतकी जाडी नाहीं; ऊन पडतांच तो तापतो व तीच आंच खालीं सोडतो. चार-पांच इंचांची गच्ची दुपारचें ऊन ऐन निजण्याच्या वेळीं खोलींत सोडते. या बाबतींत मिसर देशांतील एक प्रयोग लक्षांत घेण्यासारखा आहे. हसन फतही या नामांकित शिल्पज्ञानें मातीच्या विटांच्या बांधणीचा हयातभर पुरस्कार केला. मार्च १९६४ त कैरो येथें लहान प्रायोगिक इमारती बांधून त्यांची उष्णता चोवीस तास मोजली. अर्ध्या मीटर जाडीच्या मातीच्या भिंतींच्या इमारतींत आंतील हवा २१ ते २३ अंशांच्या दरम्यानच राहिली. दहा सेंटिमीटर जाडीच्या तयार सिमेंटच्या तक्त्यांच्या इमारतींत ती ३६ अंशांपर्यंत चढली, म्हणजे बाहेरच्या हवेहूनही नऊ अंश अधिक. कैरोचा मार्च व जालन्याचा मे यांत फरक आहे. पण न्याय तोच.

(१९) तेव्हां करावें काय? मातीचें जड छप्पर पुन्हां भिंतींवर चढवा, असें कोणी शहाणा सांगणार नाहीं. परंतु जड छप्पर हें साधन होतें. छपरावर सावली, उशिरा तापणारी भिंत, रात्रीचा गारवा आंत घेण्याची वाट व तापलेली हवा वर सोडण्याचें भोंक, हीं तत्त्वें होतीं. साधन बदलून तत्त्वें राखतां येतात. गच्चीवर पांढरा चुना फांसणें, तिच्यावर मांडव किंवा वेल चढवून दुसरी सावली करणें, पत्र्याखालीं हवेची पोकळी ठेवून दुसरें छत घालणें, पश्चिमेच्या भिंतीस झाड किंवा पडवी देणें, खोलीच्या माथ्यावर झरोका ठेवणें, आणि दारें उघडण्या-लावण्याची जुनी शिस्त पाळणें, यांतील एकालाही चार टन माती लागत नाहीं. भिंत दगडाची असेल तर आरपार दगड व लांकडी किंवा सिमेंटचा पट्टा अवश्य हवा. हा धडा किल्लारीनें दिला आहे.

(२०) आपणां संग्राहकांपुरतें म्हणाल, तर या विषयाचा आपल्या संग्रहांशीं अगदीं निकटचा संबंध आहे. जो रुमाल माळवदाखालच्या गार, अंधाऱ्या व सम हवेच्या खोलींत दोनशें वर्षें राहिला, तोच वाडा मोडल्यावर पत्र्याच्या खोलींतील लोखंडी पेटींत जातो. तेथें रोज दुपारीं तापणें, रात्रीं थंड होणें, पावसाळ्यांत ओल धरणें, या फेऱ्यांनीं कागद ठिसूळ होतो, शाई फुटते, व दोन पिढ्यांत होणारें नुकसान थोडक्या वर्षांत होतें. कागद सुरक्षित जागीं नेला म्हणजे वांचला, असें नाहीं. तो कोणत्या हवेंत ठेवला हें पाहिलें पाहिजे. ज्यांच्या घरीं संग्रह आहे त्यांनीं तो छपराखालच्या माळ्यावर न ठेवतां तळमजल्याच्या आंतील खोलींत, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर व जमिनीपासून हातभर उंच ठेवावा, एवढें तरी करतां येण्याजोगें आहे.

(२१) शेवटीं एक विनंति. यापुढें जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद या भागांत कागदांच्या शोधास जाणाऱ्यांनीं सोबत मोजपट्टी न्यावी. कागद कोणत्या खोलींत, कोणत्या बाजूस व जमिनीपासून किती उंच सांपडला याची टीप करावी. घराचें तोंड कोणत्या दिशेस, चौक किती हात, ओसरी किती खोल व किती उंच, भिंत किती जाड, माळवदाचा थर किती, सवणीं किती व कोठें, भार खांबांवर आहे कीं भिंतींवर, हें लिहून घ्यावें. घरांतील वृद्ध स्त्रियांस विचारावें कीं दारें केव्हां लावीत, निजत कोठें, माती कोठून आणीत. कारण हा भाग कोणत्याही कागदावर लिहिलेला नाहीं, तो त्यांच्याबरोबर जाणारा आहे. या सर्वांस अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागणार नाहीं. कागद आपण आणला म्हणजे तो आपल्याजवळ राहतो. घर मात्र पुढच्या खेपेस तेथें असेलच असें नाहीं. त्याची नोंद ज्याच्या त्याच्या हातून झाली, तर पन्नास घरांच्या मापांवरून या प्रांताच्या गृहरचनेचा इतिहास लिहितां येईल, आणि त्या वेळीं प्रस्तुत लेखांतील तर्क कोठें चुकले तेंही कळेल. तसें झालें तर लेखकास समाधानच वाटेल.